मागं पाणी दिसलं पाहिजे

देवगिरी एक्स्प्रेस जालन्याला पोचते तेव्हा पहाट अजून उजाडलेली नसते. डब्यातले निम्मे लोक पुढं नांदेड-सिकंदराबादकडं जाणारे, त्यांची झोप मोडू नये म्हणून अंधारातच चपला शोधायच्या आणि पिशवी छातीशी धरून उतरायचं. आता मुंबईहून दिवसा यायचं तर वंदे भारत आहे, ३० डिसेंबर २०२३ला ती जालन्याहून सुरू झाली तेव्हा माझ्या भावानं मला स्टेशनावरून फोन केला होता. तरी माहेरी यायचं म्हटलं की मी ठाण्याहून रात्रीची देवगिरीच धरते. जुन्या जालन्यात पहाटे पाऊल टाकायची सवय लहानपणापासूनची आहे, ती सोडवत नाही.

कोजागरी होऊन आठ दिवस झाले होते. फलाटावर उतरल्याबरोबर गारवा लागला. अंगावर शहारा येईल इतका नाही, पण पदर खांद्यावरून घ्यावासा वाटेल इतका. बाहेर दादा स्कूटर घेऊन उभा होता. "ताई रात्रभर झोपली नाही बघ," तो म्हणाला. ताई म्हणजे त्याची लेक, माझी भाची. घरातली थोरली म्हणून तिला सगळेच ताई म्हणतात, मीसुद्धा.

ताईचा साखरपुडा दिवाळीनंतर आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांत ठरलं होतं. त्याआधी दोघांना फोटो काढून घ्यायचे होते. ज्याला सगळे प्री-वेडिंग म्हणतात, ते. तिनं मला फोनवर सांगितलं होतं, "आत्या, तू ये. आजी आम्हाला एकटं सोडणार नाही, आणि आईबाबा समोर असले की आम्हाला हसताच येणार नाही." म्हणजे मी राखणीला. पण राखणीचं काम मला आवडलं.

फोटोवाल्यानं आधी जागा सुचवल्या होत्या त्या सगळ्या जालन्याबाहेरच्या. दौलताबादचा किल्ला, म्हैसमाळचा डोंगर, खुलताबादच्या वाटेवरची वळणं. जास्त पैसे असतील तर लोणावळा, त्याहून जास्त असतील तर गोवा. जालन्यातली मुलं फोटोंसाठी जालना सोडूनच जातात, असं तो म्हणाला, आणि ते खरंच आहे. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि मोती तलाव म्हणाली. मोतीबाग, बांध, आणि संध्याकाळचं ऊन. तिची अट एकच होती, मागं पाणी दिसलं पाहिजे.

फोटोवाला बाहेरगावचा. त्याला ही साधी हौस वाटली. मला ती अट ऐकून फोनवर एकदम बोलता येईना.

२०१२-१३चा दुष्काळ ज्यांनी जालन्यात काढला त्यांना हे सांगावं लागत नाही. ताई तेव्हा बारा-तेरा वर्षांची. मोती तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. शाळेतून आली की दप्तर टाकून ती कळशी घेऊन रांगेत उभी राहायची, कारण टँकरचा भरवसा नसे आणि घरातली मोठी माणसं कामावर असत. मी त्या उन्हाळ्यात आले होते तेव्हा आईनं माझ्या हातात तांब्या दिला आणि म्हणाली, "एवढ्यात भागव बाई." माहेरी आलेल्या लेकीला असं सांगताना तिचा आवाज कसा झाला होता ते मी विसरलेले नाही. पुढं जायकवाडीहून जलवाहिनी आली. लोकांनी वर्गणी काढून घाणेवाडीच्या जलाशयातला गाळ उपसला. निजामाच्या काळातलं ते धरण, त्याचं पाणी उतारानं आपोआप शहरात येतं. तिथला गाळ गाडीगाडीनं शेतात गेला. पण ज्या मुलीनं तलावाचा तळ पाहिला आहे, तिला लग्नाच्या फोटोत मागं डोंगर नको असतो, किल्ला नको असतो. यंदा तलाव भरला आहे, आणि तो भरला असताना मी नवरी झाले, एवढंच तिला फोटोत हवं होतं.

सकाळी चहा झाल्यावर आम्ही दोघी जागा बघायला निघालो. नवरदेव दुपारनंतर येणार होता. कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना आणि दुसऱ्या अंगाला नवा, ज्याला जुनी माणसं अजून कादराबाद म्हणतात. पेठ, मोंढा, व्यापार नव्या अंगाला. आमच्या अंगाला स्टेशन, कचेरी, मठ, शाळा. गांधी चमनपाशी आलो की मला नेहमी बरं वाटतं. चौकातल्या बागेला चमन म्हणणारं हे गाव आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्याची खूण भाषेत अशी ठिकठिकाणी शिल्लक आहे. माझ्या आजीच्या तोंडी दवाखान्याला शफाखाना असे, आणि तिला उर्दूचा एक शब्द येतो असं कुणी म्हटलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

आनंदी स्वामींच्या मंदिरात पाया पडलो. आषाढीला इथून पालखी निघते तेव्हा जुना जालना सगळा रस्त्यावर असतो. आश्विनातल्या सकाळी मात्र तिथं दोन म्हाताऱ्या वाती वळत बसल्या होत्या आणि एक मांजर. "लगीन ठरलं का गं?" एकीनं ताईला विचारलं. कशावरून ओळखलं कुणास ठाऊक. ताई लाजून हसली. कॅमेऱ्यासमोर ती नंतर पुष्कळ हसली, पण ते हसू कुणी टिपलं नाही.

मग मस्तगड. १७२५ साली पहिल्या आसफजाहाच्या आदेशावरून काबिलखानानं ही गढी बांधली, तिच्यावर तसा फारसी शिलालेख आहे. आत एक विहीर आहे, तिच्या पोटात लहान लहान दालनं आणि सज्जे काढलेले. उन्हाळ्यात पाण्याच्या जवळ बसायची ती सोय. या गावात जे जे कुणी सत्तेवर आलं त्यानं आधी पाण्याकडं बघितलं, हे मला गढीपेक्षा मोलाचं वाटतं. त्यांच्याही आधी, मलिक अंबरच्या काळात जमशेदखान इथला अंमलदार होता. काळ्या दगडाची काली मशीद त्याची, तिच्याजवळचा हमाम आणि सराई त्याची, आणि गावाच्या पश्चिमेचा मोठा तलावही त्याचाच. तलावातून जमिनीखालून नळ काढून त्यानं शहरातल्या हौदांत पाणी आणलं होतं. ही हिकमत सुरू असताना गाव कसं दिसत असेल! पेठेत कापड, रस्त्यावर कारवान, आणि चौकाचौकात भरलेला हौद. जालना, सोने का पालना, ही म्हण कुणी उगीच केलेली नाही. १६७९च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांची फौज या पेठेवर आली तीही तिची श्रीमंती ऐकूनच.

मस्तगडाच्या भिंतीपाशी फोटो चांगले येतील असं मला वाटत होतं. ताईनं भिंतीवर हात ठेवून पाहिला, मग म्हणाली, "इथं नको. ही लढाईची भिंत आहे." मी आग्रह केला नाही.

परतताना कुंडलिकेच्या पुलावर थांबलो. नदीकडं बघवत नाही. पावसाळा सरून महिना झाला नाही तोच पाणी काळं झालेलं, काठाला प्लास्टिक अडकलेलं. जिच्या काठावर एवढं मोठं गाव वसलं तिला आपण सगळ्यांनी मिळून नाला केलं. ताई बियाण्यांच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करते, शंभर बियांतल्या किती उगवल्या ते मोजायचं तिचं काम. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको काढली, १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. ताईसारख्या कितीतरी मुलींना त्यामुळं गावातच नोकरी मिळाली. "आत्या," ती पुलावर म्हणाली, "बी कितीही चांगलं असू दे, खालचं पाणीच असं असेल तर काय उगवेल?" नदी साफ करा असं सांगायला तिनं किती जणांबरोबर अर्ज केले तेही मला तेव्हा कळलं.

दुपारी घरी आईनं कपाट उघडलं. ताईला नेसायला तिनं स्वतःचं नारायणपेठी लुगडं काढून ठेवलं होतं, जांभळं, लाल काठाचं. फोटोवाल्याकडं भाड्यानं मिळणारे लांब शेपटाचे झगे ताईला नको होते. लुगड्याच्या घडीत एक पाकीट होतं. त्यात आईचा फोटो.

हा फोटो मी लहानपणी पाहिला होता, पण नीट पाहिला नव्हता. सोळा-सतरा वर्षांची आई, एका उंच स्टुलावरच्या फुलदाणीला हात टेकून उभी. मागं रंगवलेला पडदा, त्यावर बाग, संगमरवरी कठडा, आणि एक कारंजं. मागच्या बाजूला स्टुडिओचा जांभळा शिक्का, आता वाचता येत नाही असा. साठीच्या दशकात हा फोटो मध्यस्थाच्या हातून बाबांच्या घरी गेला होता. बाबांनी तो पाहिला. आईनं मात्र बाबांना अंतरपाट दूर झाल्यावर पाहिलं.

"तेव्हा भीती नाही वाटली?" ताईनं विचारलं.

"फोटोवाल्याची वाटली," आई म्हणाली. "काळ्या कपड्यात डोकं घातलं की हो त्यानं. मी म्हटलं हा आता काय करतोय."

निजामाच्या मुलखात फोटोग्राफीचं वेड जुनं आहे. सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी वेरूळच्या लेण्यांपासून हैदराबादच्या दरबारापर्यंत सगळं काचेवर उतरवलं. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तिथं कॅमेऱ्यामागं बाईच असे, म्हणजे पडद्यातल्या बायकांना निर्धास्त फोटो काढून घेता यावा. मला त्या बायकांचा विचार नेहमी येतो. त्या कुणाच्या हुकमावरून आल्या असतील, की एकदा तरी आपला चेहरा आपल्याला बघायचा होता म्हणून? आईच्या फोटोत तिची नजर कॅमेऱ्याच्या थोडी बाजूला आहे. तिथं तिचा भाऊ उभा होता, ती म्हणाली. तिच्याही सोबत राखण होती.

आमच्याकडं हे फोटो काढण्यावरून वाद झाला नाही असं नाही. काही समाजांच्या बैठकांत प्री-वेडिंगवर बंदी घालायचे ठराव झाले आहेत, आणि ताईच्या चुलत काकांनी तो मुद्दा काढलाच. मला त्यांची काळजी निम्मी पटते. लग्नाच्या मांडवात भल्यामोठ्या पडद्यावर दोघांचे सिनेमासारखे तुकडे लावायचे, आणि तो खर्च मुलीच्या बापानं करायचा, हे मला मान्य नाही. मराठवाड्यातल्या बापानं लेकीच्या लग्नासाठी काढलेलं कर्ज फेडताना शेत विकल्याच्या गोष्टी मी घरोघरी ऐकल्या आहेत. म्हणून ताईनं आणि नवरदेवानं आधीच ठरवलं होतं, खर्च दोघांच्या पगारातून निम्मा निम्मा, आणि पडदा लावायचा नाही. घरच्यांसाठी एक अल्बम. हे ऐकल्यावर काका गप्प झाले. पण दोघांनी लग्नाआधी दिवसभर एकत्र हिंडणंच वाईट, असं कुणी म्हणालं तर त्याला माझा स्वच्छ विरोध आहे. आईला आयुष्याचा सोबती अक्षतांमागून पहिल्यांदा दिसला. तिचा संसार चांगला झाला तो तिच्या आणि बाबांच्या स्वभावानं. न बघता लग्न लावलं म्हणून नाही.

चार वाजता मोतीबागेत पोचलो. नवरदेव घनसावंगी तालुक्यातला. समर्थांचं जांब त्याच्या गावापासून जवळच. लग्नात 'सावधान' ऐकून बोहल्यावरून निघून गेलेल्या नारायणाचा हा मुलूख. म्हणून त्याच्या घरी मंगलाष्टकांत तो शब्द आला की म्हातारी माणसं हात जोडतात, असं त्यानं मला सांगितलं. येताना त्यानं गाडीच्या डिकीतून मोसंब्यांची पाटी आणली होती. आंबे बहाराची, नुकती तोडलेली, देठाला पान असलेली. बागेच्या राखणदाराला चार, चहावाल्याला चार, फोटोवाल्याच्या पोराला दोन, अशी ती आधी वाटून झाली.

शरदातल्या उजेडाबद्दल मला फोटोवाल्यानं शिकवलं. पावसानं हवेतली धूळ धुऊन टाकलेली असते, म्हणून लांबचं स्वच्छ दिसतं. पण दुपारचं ऊन रखरखीत, त्यात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. साडेचारनंतर सूर्य उतरायला लागला की ऊन तिरपं होतं, पिवळं होतं, आणि चेहऱ्यावर मऊ बसतं. सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे हातात तास-सव्वा तास. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. तलाव गावाच्या पश्चिमेला असल्यानं सूर्य पाण्यावरच उतरणार होता. ताईनं अट घातली तेव्हा तिला हे माहीत होतं. लहानपणी गणपती विसर्जनाला ती इथंच यायची, बाबांच्या खांद्यावर बसून.

तलाव भरलेला होता. मी तो कित्येक वर्षांनी असा पाहिला. वाऱ्यानं पाण्यावर बारीक बारीक सुरकुत्या उठत होत्या, काठाच्या बाभळी पाण्यात उभ्या होत्या, आणि पलीकडं गवताचे पांढरे तुरे हलत होते. कालिदासानं ऋतुसंहारात शरदाला नवी नवरी म्हटलं आहे, काशाच्या फुलांचं वस्त्र नेसलेली. शाळेत ते वाचलं तेव्हा मला ती नुसती उपमा वाटली होती. बांधावर जांभळं नारायणपेठी सावरत ताई उभी राहिली, तिच्या मागं पाणी आणि त्यामागं ते पांढरे तुरे, आणि मला माझ्या शाळेतल्या बाईंना हाक मारून दाखवावंसं वाटलं.

पहिला अर्धा तास वाया गेला. फोटोवाला सांगे, तिच्याकडं बघा, हात असा धरा, हनुवटी खाली, आता हसा. दोघं अवघडून गेली. नवरदेवाला हात कुठं ठेवावा कळेना. मग एक ढग आला, ऊन गेलं, आणि फोटोवाला म्हणाला, थांबू या दहा मिनिटं. ती दोघं बांधाच्या दगडावर बसली. मी जरा बाजूला, पण ऐकू येईल इतक्या अंतरावर. राखण होते ना.

"तुमच्याकडं टँकर किती दिवसांनी यायचा?" त्यानं विचारलं.

ताईनं सांगितलं. रांग, कळशी, एकदा तिची कळशी फुटली आणि ती रस्त्यावर बसून रडली ते. मग तो बोलायला लागला. २०१३च्या उन्हाळ्यात त्यांची मोसंबीची बाग वाळली. वडिलांनी विकतच्या पाण्यावर दोन महिने जगवली, मग पैसे संपले. ज्या दिवशी झाडं तोडायला माणसं आली त्या दिवशी वडील शेतात गेलेच नाहीत, त्याला पाठवलं. तो चौदा वर्षांचा. प्रत्येक झाडाला हात लावून मग तोडायला सांग, एवढंच वडील म्हणाले होते. पुढं शेततळं केलं, पुन्हा कलमं लावली, मोसंबीला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात तेवढी वाट पाहिली. "मघाशी वाटली ना, ती त्या नव्या झाडांची," तो म्हणाला.

ताई काही बोलली नाही. तिनं पाटीतलं शेवटचं मोसंब उचललं, सोललं, आणि अर्धं त्याच्या हातात दिलं.

फोटोवाला शहाणा माणूस. ढग सरकून ऊन कधी आलं ते त्यानं दोघांना सांगितलंच नाही. त्यानं लांबूनच फोटो काढले. बांधावर नेहमी फिरायला येणारे एक वृद्ध गृहस्थ मध्ये येत होते. त्यांच्या लक्षात आलं तसे ते काठी टेकत बाजूला झाले, आणि फोटोवाल्याला हातानं खुणावून म्हणाले, "इधर से लो बेटा, इधर से पूरा पानी आएगा." त्यांनाही पाणीच दाखवायचं होतं. फोटोवाला त्यांच्या जागेवर जाऊन उभा राहिला. सूर्य पाण्याला टेकला होता.

लुगड्याचा काठ भिजला. ताई म्हणाली, आजी रागावेल.

रात्री जेवणं झाल्यावर फोटोवाल्यानं मोबाइलवर चार फोटो पाठवले. आईला चष्मा दिला, तिच्या शेजारी ताई बसली. पहिला फोटो तिनं बराच वेळ पाहिला. नवरदेव कसा दिसतो, लुगडं कसं दिसतं, हे विचारील असं आम्हाला वाटलं. तिनं पडद्यावर बोट ठेवलं, दोघांच्या चेहऱ्यांपासून लांब, कडेला.

"ती मोठी बाभळ कुठंय? काठावरची?"

ताईनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. बाभळ सापडली.

"किती बुडालीय?"

"अर्धी, आजी."

"बघू बरं," आई म्हणाली, आणि मोबाइल चष्म्याजवळ नेला.